खालून वर बेरीज करणारे गुरुजी

आमचे गुरुजी प्रत्येक बेरीज दोनदा करत. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. गोडादऱ्याच्या मराठी शाळेत आम्ही त्यांना 'उलटे गुरुजी' म्हणायचो, अर्थात पाठीमागे. सहावीत त्यांनी मला चुकून चार गुण जास्त दिले. मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी ते कापले आणि वर माझीच माफी मागितली, "चूक माझी, पण गुण तुझे नव्हते." मला रागाने रडू आलं होतं.

पुढे मी एका कर सल्लागाराकडे नोकरीला लागले आणि गुरुजींचं रिटर्न भरू लागले. गेल्या वर्षी ते पेन्शनचे कागद घेऊन आले. पेन्शन ठरवताना एक वेतनवाढ दोनदा धरली गेली होती. कार्यालयाला पत्ताच नव्हता. गुरुजींनीच चूक शोधली, अर्जही स्वतःच केला आणि जास्तीचे सगळे पैसे चेकने परत करून मोकळे झाले. ते पैसे त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. "सरकारनी दिधात, आपन काय चोरी करी का?" काकू कडाडल्या आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, "गुरुजी, आता झालं ना?"

"अर्धंच झालं. त्या पैशांवर मी करही भरलाय. जे माझं नव्हतं त्यावर कर कसला? तो परत माग. माझं नाही ते ठेवणार नाही, नि माझं आहे ते सोडणार नाही."

ते सोपं नव्हतं. जुनी रिटर्न सुधारायची मुदत टळली होती. परत केलेली रक्कम कार्यालयाने यंदाच्या पेन्शनच्या हिशेबातून वजा धरल्याचं पत्र मिळालं तरच आशा, तीही खात्रीची नाही. त्या एका पत्रासाठी गुरुजींनी दुखरे गुडघे घेऊन पेन्शन कार्यालयात अकरा खेपा घातल्या, कुणावर एकदाही न चिडता. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

पत्र मिळालं, कर परत आला, काकूंचं ऑपरेशन झालं. दिवाळीनंतर गुरुजी गेले.

परवा काकू गुरुजींच्या मागे स्वतःच्या नावावर सुरू झालेल्या पेन्शनचं पासबुक घेऊन ऑफिसात आल्या. कमी आली म्हणून तक्रार असेल, असं मला वाटलं. नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पोरी, देख बरं, जास्तीना तं नही उनात?"

जास्तीचे पैसे आलेत का ते बघायला मी आकडे वरून खाली तपासले. काकू उठेनात. मग खालून वर तपासले, तेव्हा उठल्या.