मधात बुडवलेलं फूल

देवाला फसवून मी एकदा सिनेमाला गेले आहे. चोरून नव्हे, चांगलं नवऱ्याला शेजारी बसवून, पॉपकॉर्न खात. आणि तेव्हा मी काही सोळा वर्षांची नव्हते. बासष्ट वर्षांची होते, गुडघ्याला पट्टा, घरात कॉलेजात जाणारी नात. पण अक्कल म्हणाल तर त्या नातीच्याही खाली. त्या बासष्ट वर्षांच्या बाईची आठवण झाली की वाटतं, कोणीतरी हिचा कान धरायला हवा होता.

झालं असं, की यांचं घर इगतपुरीकडचं, भातशेतीचं. तिथे कुठलीही अडलेली गोष्ट कौल लावून सुटते. दोन फुलं पाण्यात बुडवून देवाच्या मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायची, एकेक पर्याय एकेका फुलाच्या नावाने ठेवायचा आणि हात जोडून बसायचं. जे फूल आधी पडेल ते देवाचं म्हणणं. लावणी आधी कुठल्या खाचरात, म्हैस कुठली विकायची, सगळं असंच ठरायचं. माझं लग्नसुद्धा. यांना दोन स्थळं सांगून आलेली, पत्रिका दोन्ही जुळलेल्या. मोठ्या दिरांनी फुलं लावली आणि माझं आधी पडलं. "काय धपकन पडलं वहिनी तुमचं फूल! जसं काही वाटच बघत होतं," असं ते मला दर सणाला ऐकवायचे. हसताना त्यांचं पोट हलायचं.

कौलाचे सासूबाईंनी घालून दिलेले नियम दोन. आधी कोणी आपलं कारण सांगायचं नाही, कारण ऐकलं की फूल लावणाऱ्याचा हात कलतो. आणि कौल मिळाल्यावर कोणी कुरकुरायचं नाही.

हे रिटायर झाले आणि आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर समोरासमोर आलो. मग ठरलं, अधूनमधून सिनेमाला जायचं. जायचं ठरलं, पण कुठल्या? यांना युद्ध, पोलीस, कोर्ट. मला लग्न, साड्या, गाणी. एवढ्यातेवढ्यावरून दोन-दोन दिवस अबोला व्हायला लागला तेव्हा मीच चेष्टेने म्हटलं, "कौल लावू या का?" हे चेष्टेत काही करत नाहीत. पुन्हा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, देवघरासमोर हात जोडून बसले.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. लागोपाठ यांचंच फूल पडायला लागलं. तोफा बघितल्या, प्रेतं बघितली, वकिलांचं ओरडणं ऐकलं. तिकडे आमच्या भिशीतल्या सगळ्या बायका एक लग्नाचा सिनेमा बघून आलेल्या. नवरीच्या आईच्या पैठणीवर तासभर चर्चा, आणि मी मधे बसून नुसती चिवड्यातले शेंगदाणे वेचतेय.

त्या आठवड्यात दुसरा एक सिनेमा लागला होता. आमच्या गावाकडच्या घाटात काढलेला. पोस्टरवर सगळा चिखल, घोंगड्या आणि एक रडवेला म्हातारा. यांनी पेपर खाली ठेवून बोट दाखवलं. "हा बघू या."

"चिखल बघायला तिकीट कशाला काढायचं? गावाला फुकट बघितला की जन्मभर," मी म्हटलं.

यांनी पेपरची नीट घडी घातली. म्हणाले, "लाव कौल."

फुलं लावायचं काम माझं. देवघरात पंचामृतासाठी मधाची बाटली असते. यांची पाठ वळली तेवढ्यात मी यांचं फूल पाण्याऐवजी मधात बुडवलं. चोरी केली तीही देवाच्याच मधाने! माझं फूल बघता बघता घसरलं. यांचं जे बसलं ते संध्याकाळी मला कोमट पाण्याने खरवडून काढावं लागलं.

हे त्या न पडलेल्या फुलाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुझा."

मी पैठणी नेसून गेले. मध्यंतरात समोशांच्या रांगेत उभी होते तर हे पलीकडे त्या चिखलाच्या पोस्टरसमोर. चष्मा कपाळावर चढवून, नाक टेकेल इतके जवळ. आणि ती बासष्ट वर्षांची शहाणी काय म्हणाली असेल? "आता काय बघताय? देवाने सांगितलं ना एकदा?"

यांनी चष्मा नाकावर घेतला आणि माझ्या हातातली समोशाची पुडी धरली.

पुढच्या शुक्रवारी हे कोथिंबीर आणायला म्हणून गेले ते जेवायच्या वेळेला परतले. कोथिंबीर नव्हतीच. म्हणाले, "तो सिनेमा उतरला."

"चांगला नसेलच मग," मी म्हटलं आणि पोळी वाढली.

काही महिन्यांनी नातीने तोच सिनेमा घरी टीव्हीवर लावला. मी शेंगा सोलत एक डोळा ठेवून होते. घाटातली चहाची टपरी आली, बाहेर बाकावर चार माणसं, आणि हे एकदम ओरडले, "थांबव! थांबव तिथेच!"

चित्र थांबलं. बाकाच्या टोकाला घोंगडी पांघरून, ओठाला बशी लावून मोठे दीर बसले होते.

ते सिनेमा लागायच्या आदल्या पावसाळ्यातच गेले. जायच्या आधीच्या दिवाळीला त्यांनी सांगितलं होतं, "वहिनी, मी सिनेमात चहा प्यायलोय बरं का." आम्ही सगळे हसलो होतो. आपल्या गोठ्यात बिबट्या ताक पिऊन जातो असंही सांगणारा माणूस तो. मी तर ते कधीच विसरून गेले होते. हे विसरले नव्हते. आणि कौलाआधी कारण सांगायचं नाही, म्हणून सांगितलंही नव्हतं.

हे उठून टीव्हीजवळ गेले. दिरांचा चेहरा असेल नसेल बत्ताशाएवढा.

"हे कोण, आजोबा?" नातीने विचारलं.

"माझा दादा. कधी नव्हे तो गप्प बसलाय." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "काय गं, थिएटरात केवढा दिसला असता हा?"

पोरगी बिचारी खरंच विचार करून म्हणाली, "या भिंतीएवढा."

यांनी वळून भिंतीकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत. मी शेंगांचं ताट उचलून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

हे एक शब्द जरी बोलले असते, तर मीच यांना हाताला धरून नेलं असतं, असं मी स्वतःला बरेचदा सांगितलं. पण नियम पाळणाऱ्याला दोष द्यायचा आणि मधाच्या बाटलीबद्दल गप्प बसायचं, हे काही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पूजेला बसले होते. मी मागे उभी राहून एका दमात बोलून टाकलं, "त्या दिवशी देव काही बोलला नव्हता. तुमचं फूल मी मधात बुडवलं होतं."

मूर्ती पुसणारा यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. मूर्ती जागेवर ठेवली, गंध लावलं, फूल वाहिलं. कोपऱ्यातली मधाची बाटली उचलून उजेडात धरून बघितली आणि होती तिथे ठेवली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी पदराचं टोक पिळत तशीच उभी. शेवटी माझ्याकडे न वळता हे म्हणाले,

"आपल्या लग्नाचा कौल दादाने लावला होता. आज असता तर विचारलं असतं त्याला, त्या दुसऱ्या मुलीच्या फुलाला काय लावलं होतंस रे?"