मुखवट्यामागे आई

शूटिंगच्या आदल्या दिवशी आमच्या सिनेमातला खुनी गाडीवरून पडला आणि त्याच्या पायाला प्लास्टर लागलं. कथा साधीच होती. काही मैत्रिणी मीनाबाजारातल्या भूतबंगल्यात शिरतात आणि एक मुखवटेवाला त्यांना एकेक करून गाठतो. सक्करदऱ्याजवळच्या मैदानात असा पाळण्या-खेळांचा फिरता मीनाबाजार लागला होता. तो संध्याकाळी सुरू व्हायचा, म्हणून मालकाने सकाळी भूतबंगला आमच्या हवाली केला होता. पण लवकरच त्यांचा मुक्काम हलणार होता. थांबणं शक्य नव्हतं.

शूटिंगच्या सकाळी आई आम्हा सगळ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आली होती. पोस्टातून नुकतीच निवृत्त झालेली, उंच, रुंद खांद्यांची. माझं उतरलेलं तोंड बघून तिने कारण विचारलं. मी सांगितलं.

"मग मले दे तो मुखवटा."

"आई, पळावं लागतं. कोयता उगारावा लागतो."

"काहून वं, माहे हात नाहीत का? लग्नाआधी माहेरी हातमाग चालवला मी."

साडीवरून तिने काळा रेनकोट चढवला. थर्माकोलच्या कोयत्याला आम्ही चंदेरी कागद लावला होता, रक्त बिटाच्या रसाचं होतं. पहिल्या शॉटला माझी मैत्रीण आरशांच्या खोलीतून धावत आली आणि आई मागून नुसती चालत आली. पळालीच नाही. मान किंचित तिरकी, पावलं सावकाश. मैत्रीण खरोखरच किंचाळली आणि पडद्यात पाय अडकून आदळली. आईने लगेच मुखवटा वर केला. "लागलं का गं तुले?" शॉट वाया गेला, पण खुनी मिळाला होता. ते सावकाश चालणं मी लिहिलेलंच नव्हतं. मी कागदावरची खुन्याची सगळी धावपळ खोडून टाकली.

सिनेमा तयार झाल्यावर वस्तीतल्या समाजभवनात दाखवला. पंखे आवाज करत होते, खुर्च्या कमी पडल्या. मध्यंतरात कुणीच चहाला उठलं नाही. शेवटाकडे आरशांमध्ये एकाच वेळी कितीतरी कोयते चमकले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकूंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

दिवे लागल्यावर बाबांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तो खुनी कोण आहे गा? पोट्टा जबरदस्त आहे."

बाबा घरी फारसं बोलत नाहीत.  आता ते उभे राहिले आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोट्टा नाही तो. माही बायको आहे."

सगळे वळून बघू लागले, टाळ्या वाजू लागल्या. आईने पदर सावरला. मला वाटलं, ती लाजेल. ती लाजली नाही. ताठ उभी राहून तिने हात जोडले, आणि टाळ्या थांबेपर्यंत खाली बसली नाही. मी मागे प्रोजेक्टरजवळ होते. दिग्दर्शक म्हणून माझं नाव पडद्यावर येऊन गेलं होतं, पण त्या संध्याकाळी जो भेटेल त्याला मी एवढंच सांगत होते, की ती माझी आई आहे.