दोन दारांची रिव्हिएरा

सुलेखा टिपणीसला रडू येत नाही, ही अमेरिकेतल्या सगळ्या कॅरी गावाला पडलेली मोठी काळजी होती. सगळ्या कॅरीला म्हणजे आपल्या मराठी कॅरीला हो! चौऱ्याऐंशी साली ती होती तरी केवढी? मोजकी घरं, पण तोंडं मात्र अख्ख्या पेठेला पुरून उरतील एवढी. सुलेखाचा नवरा, शैलेंद्र, जानेवारीत ऑफिसातच बसल्याजागी गेला. सुलेखाने फ्युनरल होमचं सगळं बघितलं, भारतात फोन लावले, भेटायला आलेल्यांना चहा विचारला आणि थोड्याच दिवसांत कामावर हजर झाली. डोळ्यांतून पाण्याचा टिपूस नाही.

"रडवा गं तिला," कांचनकाकू फोनवर शोभाला सांगायच्या. "असं आत कोंडून ठेवलं ना, की आजार धरतो."

शोभा म्हणजे सुलेखाची जिवाभावाची मैत्रीण. बिचारीने सगळे उपाय करून पाहिले. लग्नाचा अल्बम काढून समोर ठेवला. शैलेंद्रला आवडायची म्हणून साबुदाण्याची खिचडी करून नेली. सुलेखाने अल्बम शेवटच्या पानापर्यंत पाहिला, खिचडी खाल्ली आणि मीठ जरा कमी पडलंय म्हणाली. आता यावर काय बोलायचं, कपाळ?

लोकांचं सोडा. खरी काळजी सुलेखालाच होती. मुलगी विनीता कॉलेजातून फोन करायची, "आय मिस हिम, आई," म्हणून हमसून हमसून रडायची, आणि ही रिसीव्हर कानाला लावून फ्रिजवरची धूळ बघत उभी राहायची. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याच्यासाठी आपल्याला काहीच होत नाही? मग आपलं त्याच्यावर प्रेम होतं, की आपण नुसता त्याचा स्वयंपाक केला? दात घासता घासता हा प्रश्न यायचा, आणि तोही कुठे टोचायचा नाही. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गालावर बोट दाबावं, तसं काहीतरी. बोट कळतं, गाल कळत नाही.

मार्चमधल्या एका सकाळी कामावर जाताना तिला एका लॉनवर ती गाडी दिसली. काचेला 'फॉर सेल'चा पुठ्ठा. सुलेखा पुढे निघून गेली आणि चक्क यू-टर्न मारून परत आली. गाड्यांचं वेड तिला कधीच नव्हतं. पण शैलेंद्र गेल्यापासून कुठल्याही गोष्टीकडे तिने दुसऱ्यांदा म्हणून बघितलं नव्हतं, ते आज बघितलं. तेवढ्यावर ती आपली डॅटसन कडेला लावून उतरली.

पासष्ट सालची ब्युइक रिव्हिएरा होती ती. शेवाळी हिरवी, दोन दारांची, आणि बॉनेट एवढं लांब की त्यावर पापड वाळत घालावेत. मालक मिस्टर लॅसिटर, वयस्कर गृहस्थ, काठी टेकत बाहेर आले. "गुडघे म्हणतात आता हिच्यात बसायचं नाही," ते म्हणाले. "नाहीतर मी हिला मरेपर्यंत सोडली नसती, मॅम."

मग त्यांनी गाडी दाखवली, आणि काय दाखवली म्हणता! बटण फिरवलं तर पुढच्या जाळ्या पापण्यांसारख्या हळूच उघडल्या आणि आतून दिवे दिसले. चारी काचा खाली केल्या तर मधे खांबच नाही, सगळं मोकळं. दार लोटलं की धप्प असा दमदार आवाज. आत चार सुट्या सीट्स, ज्याची त्याची वेगळी, मधे लांब कन्सोल. "ही फॅमिलीसाठी नाही केलेली," लॅसिटर म्हणाले. "ज्याची गाडी, त्याच्यासाठी केलेली."

सुलेखा औषधांच्या कंपनीत होती. गोळ्या तपासायच्या, टवका उडालाय का, रंग एकसारखा आहे का, ते बघायचं. त्याच नजरेने तिने गाडी पाहिली. सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मागच्या काचेकडे उतरत गेलेली छपराची रेघ खाली वाकून पाहिली. ही वस्तू कुणीतरी मन लावून केली आहे, हे तिला स्पष्ट कळत होतं. कळत होतं सगळं. वाटत काही नव्हतं. तरी तिने ती घेतली. रोज हाताशी असली तर कधीतरी काहीतरी हलेल आत, असा तिचा हिशेब. वेडा म्हणा हवं तर.

झालं! कॅरीला विषय मिळाला. नवरा जाऊन चार दिवस नाहीत आणि ही बया स्पोर्ट्स कार घेऊन फिरते. स्पोर्ट्स कार नव्हे ती, पण हे कांचनकाकूंना कोण सांगणार? विनीता घरी आली तेव्हा ड्राइव्ह-वेतच थबकली. "आई, इट हॅज टू डोअर्स! आजी आली की मागे कशी बसेल?" शोभाचा नवरा अनिल गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "वहिनी, गाडी झकास आहे, पण ही पेट्रोल पिते हो नुसती." शोभाने मात्र नारळ आणला, फोडला आणि खोबरं वाटलं. सुलेखाने आपला तुकडा चावून खाल्ला.

एप्रिलभर ती दर रविवारी एकटीच गाडी काढायची. गावाबाहेर तंबाखूच्या शेतांमधल्या रस्त्याने लांब जायची. इंजिनाची घरघर पायांखाली जाणवायची. रस्त्यावरची पोरं हात करायची, हीही हात करायची. घरी येऊन फडक्याने गाडी पुसायची, आणि आत पुन्हा सगळं जिथल्या तिथे, गप्प. मग तिने तो नादही सोडून दिला. आपण अशाच राहणार, असं तिने स्वतःला एकदा बजावून टाकलं, आणि त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

मे महिन्यात मराठी मंडळाची पिकनिक आली, लेकवर. शोभाने फर्मानच काढलं, "तू येणार आहेस, आणि आम्ही दोघं तुझ्या गाडीतून येणार आहोत. मसालेभात तुझ्याकडे." सुलेखाने भात केला. साडी नेसली. गॅस दोनदा बघितला, घराला कुलूप लावलं. मोठं पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून उचललं आणि ड्राइव्ह-वेत आली. उन्हात हिरवी रिव्हिएरा लखलखत होती. अनिल-शोभाचा पत्ता नव्हता अजून.

आता, मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं म्हणजे आपल्याकडे बसायची रीत ठरलेली. पुरुष पुढे, बायका मागे, आणि पातेली बायकांच्या मांडीवर. कुणी घालून दिली नाही, कुणी मोडली नाही. शैलेंद्र ड्राइव्ह करायचा, शेजारी अनिल, दोघांचं राजकारण चालू, आणि मागे सुलेखा आणि शोभा भात सांभाळत. किती उन्हाळे गेले असे!

सुलेखाने उजवीकडचं दार उघडलं. पुढची सीट वाकवली, पातेलं आधी आत सरकवलं, निऱ्या सावरून मागच्या सीटवर चढली. पुढची सीट सरळ केली, हात लांब करून दार ओढून घेतलं. धप्प. पातेलं मांडीवर घेतलं, पदर खोचला आणि बसली.

आणि बसून राहिली. टॉवेलातून भाताची ऊब मांडीला लागत होती. बाहेर कुणाचं तरी लॉनमोअर चालू होतं. काय बाई हा माणूस! प्रत्येक वेळी निघताना आत काहीतरी विसरतो. गॅस मी बघितलाय, कुलूप मी लावलंय, आता आणखी काय राहिलं? अनिल-शोभा येतील एवढ्यात. तिने काचेतून घराच्या दाराकडे पाहिलं आणि नेहमीसारखी जरा वैतागूनच हाक मारली, "अहो, चला ना! भात गार होतोय."

दार बंदच होतं. पुढे स्टिअरिंग होतं, आणि ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. पातेल्यावर डोकं टेकून ती रडली. ढसाढसा, अंगातून, लाज-लज्जा सोडून रडली. "अहो," म्हणायची आणि पुढचा शब्द फुटायचा नाही. दुखत होतं हो, चांगलं दुखत होतं, छातीत, घशात, कानांत.

थोड्या वेळाने अनिल आणि शोभा आले. शोभाने खाली वाकून काचेतून आत पाहिलं. पुढे कुणी नाही आणि गाडीची मालकीण मागे बसलेली, हे बघून ती क्षणभर गोंधळली, आणि मग तिला सगळं कळलं. तिने दार उघडलं, पुढची सीट वाकवली आणि अंग चोरून सुलेखाशेजारी चढली. पातेलं तिच्या मांडीवरून काढून आपल्या मांडीवर घेतलं. "रड," एवढंच म्हणाली.

अनिल बाहेर उन्हात उभा राहिला. पुढच्या दोन्ही सीट्स मोकळ्या होत्या, पण कुठल्याही सीटवर बसायचा त्याला धीर होईना.