ट्रकभर डाळीतला उडीद

आमच्या शेजारच्या फिजिक्सच्या सरांइतका अर्धवट वाक्यांचा वैरी साऱ्या बीदरात नसेल. भाजीवाली म्हणाली, "मिरची लई तिखट हाय," की सर विचारत, "किती भाजीत किती?" चहात साखर जास्त झाल्याचं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, कबूल केलं तरी त्यांचं समाधान होत नसे, किती कपांत, ते आधी सांगायला हवं. कशात किती हे कळल्याशिवाय जगातलं काहीच त्यांना खरं वाटत नसे. मग उत्तराची वाट बघत ते खिडकीबाहेर हरवून जात आणि चहावर साय धरे.

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पुन्हा तसंच झालं तर माझे वडील, आप्पा, मला पुढं शिकवणार नव्हते, म्हणून मी सरांकडं शिकायला जाऊ लागले. "येतंय सगळं, मग बोलत कामून न्हाईस?" सरांनी विचारलं. मी वही पुढं सरकवली.

मग वीज वाहावी म्हणून सिलिकॉनमध्ये दुसऱ्या अणूंची भेसळ किती घालतात ते दाखवायला त्यांनी सूपभर तुरीच्या डाळीत एकच काळा उडीद टाकला. "खरं तर ट्रकभर डाळ पाहिजे. पाच कोटी दाण्यांत हा एकटा. पण ह्याच्यामुळंच करंट खेळायलाय." ते पुस्तक आणायला आत गेले आणि तिथंच वाचत बसले. बाहेर आले तेव्हा सूप काकूंच्या मांडीवर होतं.

"उडीद कुठाय?"

"निवडला. डाळीत काळं दिसल्यावर हात थांबतो व्हय?"

"अगं, सेमीकंडक्टर निवडलास तू."

"मग वरण नको म्हणा की."

सरांनी सुपातली डाळ बोटानं चाळली. "आता शुद्ध झालं. आता ह्यातून काही वाहायचं न्हाई," म्हणाले आणि जेवायला बसले.

पुढच्या तोंडी परीक्षेत गुलबर्ग्याहून आलेल्या परीक्षकांनी तेच प्रमाण विचारलं. "दहाचा पंधरावा घात," मी पुटपुटले. "कशात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मला काकूंच्या मांडीवरचं ते निवडलेलं सूप दिसलं. "एका घन सेंटीमीटरमध्ये," मी म्हणाले, आणि कुणी विचारलं नसताना बोलत गेले. म्हणजे सिलिकॉनच्या पाच कोटी अणूंत भेसळीचा साधारण एक. घन मीटर धरला तर आकडा दहा लाख पटीनं वाढेल, भेसळ मात्र तेवढीच राहील. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. माझा आवाज इतका वेळ मी कधी ऐकलाच नव्हता.

सर आता हैदराबादला मुलाकडं असतात. मी एम.एस्सी. करतेय. सुट्टीत घरी दुपारी डाळ निवडताना कधी काळा दाणा बोटांत येतो. मी तो थोडा वेळ धरून ठेवते, आणि पुन्हा डाळीत सोडते.