वाहेदभाईंची पत्र्याची पेटी

लोणारमध्ये तीस वर्षं कूलर म्हटलं की वाहेदभाईच. पत्रा कापण्यापासून वाळ्याच्या ताट्या बसवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. मग त्यांच्याच गल्लीतली नाजिश आयटीआय करून आली आणि एसी बसवू लागली. लोक तिला ‘मॅडम’ म्हणत. ते ऐकलं की वाहेदभाईंच्या पोटात दुखे.

दाताच्या डॉक्टर समताताईंनी वाहेदभाईंनीच बनवलेला दहा वर्षांचा कूलर काढला आणि नाजिशकडून एसी बसवून घेतला. वर वाहेदभाईंनाच म्हणाल्या, “बाहेरच्या मशीनवर ऊन येतं, पत्र्याची सावली करून द्या.”

वाहेदभाईंनी सावली केली नाही, पेटीच केली. तिन्ही बाजू बंद, समोर बोटभर फट. कोंडलेल्या हवेचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

चार दिवसांत बोभाटा झाला. भर दुपारी दवाखान्यात नुसता वारा, गारवा नाही. वाहेदभाई कटिंगच्या दुकानात बसून सगळ्यांना विचारत, “मॅडमनंच बसवला ना?”

नाजिश आली. तिनं फटीत हात घातला, लगेच काढला आणि वाहेदभाईंना बोलावून घेतलं.

“चाचा, एसी थंडी बनवत नाही. नळ्यांतला गॅस खोलीतली गरमी उचलते अन् इथं आणून सोडते. तिले बाहेर जायले जागाच नाही. मशीन तापून बंद पडून राह्यली.”

“मले काय माहीत?”

“तीस वर्षं हवेचंच काम केलं तुम्ही,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात समताताई दारात आल्या. “काय निघालं?”

वाहेदभाई पेटीचा स्क्रू चाचपू लागले.

“सावली जरा जवळ झाली,” नाजिश म्हणाली. “चाचा कापून देतात.”

या मेहरबानीनं ते जास्तच जळले. तरी तिन्ही बाजू उतरवल्या, वरचं छप्पर तेवढं ठेवलं. खोली गार झाली आणि मशीन पुन्हा थांबली.

“पडली ना बंद,” ते पटकन म्हणाले.

“पंचवीस डिग्री लावले होते, चाचा. आतला सेन्सर खोलीची हवा मोजते. पंचवीस झाले की मशीन थांबवते, गरमी चढली की परत चालू.”

त्यांच्या कूलरला हे कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कटिंगच्या दुकानात कोणी विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “खोट माझ्या पत्र्यात होती. म्या मुद्दाम केली.” बोलून मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. समोरून नाजिश स्कूटीवर बीबी गावाकडे निघाली होती. पाहायचं नाही असं ठरवूनही, ती वळेपर्यंत ते पाहत राहिले.