नकाशावरचं कुंकू

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. देवाला हात जोडायचो तेसुद्धा आई बघत असली तरच. हसायचं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागला आमच्या चाळीच्या भिंतीवर पोरांनी चुन्याने मुंबईसह महाराष्ट्राचा नकाशा काढला होता. आमच्या खोलीत मात्र दुसराच नकाशा — लडाखचा, इंग्रजांच्या वेळचा, घड्यांवर फाटलेला. माझा थोरला भाऊ, दादा, तिकडे सर्व्हेच्या तुकडीत खलाशी होता, बोटीवरचा नव्हे, मोजणीवाल्यांचा हमाल. दुर्बिणीची पेटी पाठीवर वाहायची, हे काम. रजेवर आला तेव्हा बाद झालेला हा कागद वहिनीला दाखवायला घेऊन आला. परत गेला, आणि काही महिन्यांनी पत्रं थांबली म्हणून विचारलं, तर त्याच्या ऑफिसचं उत्तर आलं — कामावरून फरार.

दादा आणि फरार! मंडपाचा बांबू धर म्हटलं तर जेवण विसरून धरून उभा राहणारा माणूस तो.

मी गिरगावात एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो, नकाशा वाचता यायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे कुठे फिरत असतील ते सांगा ना." मी सांगत गेलो, ती बोट फिरवत गेली. दाट रेषा म्हणजे चढ, विरळ म्हणजे पठार, निळी तुटक रेषा म्हणजे कोरडा नाला. गाव नाही, झाड नाही. नाल्याच्या एका वळणावर तिने बोट झटकन उचललं.

"इथे गार लागतंय."

मी हात लावला. पत्र्याखाली अंगाची काहिली होत होती, आणि नखाएवढ्या जागेवर कागद बर्फासारखा! फिरवून बघितला, खाटेवर ठेवून बघितला. तीच जागा. वहिनीने कपाळावरचं कुंकू बोटावर घेऊन तिथे टेकवलं.

"इथेच आहेत. पळाले नाहीत ते."

आई कडाडली, "गप रव! पळालो तर पळालो, खंय तरी जितो आसा मां!" आईला पळपुटा मुलगा चालत होता, मेलेला नाही. दादाच्या सर्व्हे ऑफिसात जाऊन सांगितलं तर साहेब म्हणाला, "कागद गार लागला म्हणून माणसं पाठवू?" आणि हसला. त्याचं ते हसणं अजून डोक्यात जातं.

वर्षभराने दादाच्या तुकडीतला एक मालवणी खलाशी घरी आला. मेंढपाळांना हाडं सापडली होती. पेटीचा पट्टा अजून खांद्यातच होता. कुठे, म्हणून मी नकाशा पसरला. त्याचं बोट नाल्यावरून सरकलं आणि थांबलं.

"हंय कुंकू कोणी लावल्यान?"

वहिनीने पदराने कपाळ पुसलं, आणि आईसमोर जाऊन बसली. "आता तरी म्हणा... पळाले नव्हते."

आई म्हणाली नाही, मरेपर्यंत नाही. ऑफिसनेही 'फरार' हा शब्द खोडला नाही.

नकाशा माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून ती जागा बाकीच्या कागदासारखीच. गारवा कुठून आला, का गेला, मला अजून कळलेलं नाही. वहिनी अधूनमधून कागद मागून घ्यायची, कुंकवावर बोट ठेवून बराच वेळ बसायची.

"काहीच लागत नाही हो, भाऊजी," म्हणायची. "गार तर गार... तेवढे तरी होते."