भामाबाईच्या खुंटीवरच्या चाव्या

दसरा झाला की आमचं पाटोद्याकडचं गाव ऊसतोडीला जातं आणि गावाच्या चाव्या भामाबाईच्या खुंटीवर. गुडघ्यांनी दगा दिला तसा तिचा कोयता सुटला, पण मान वाढला. निघताना जो तो तिच्या हातात चावी देतो, कारण घर बंद असलं तरी दिवाळीला देव्हाऱ्यात दिवा लागलाच पाहिजे. तो भामाबाई लावते.

कुलपांचं म्हणाल तर आनंदच होता. शहादेवच्या चावीनं तात्याबाचं कुलूप उघडायचं आणि तात्याबाचं तर नुसत्या हिसक्यानंही. हे साऱ्या गावाला ठाऊक. खरी राखण म्हणजे ओट्यावर बसलेली भामाबाई आणि तिचं तोंड. ते चुकवून कुणाच्या घरात मांजरही शिरलं नाही.

गेल्या साली शेजारच्या रामेश्वरनं आष्टीहून नंबरचं कुलूप आणलं.

"काकू, आता चावीची कटकटच न्हाई. हजार नंबर हायेत ह्यात. चोर फिरवून फिरवून म्हातारा हुईल."

"आन दिवा?"

"एक साल ऱ्हाऊ द्या की."

सगळं गाव चावी देतं आणि हा पठ्ठ्या नंबरही सांगत नाही, याचा अर्थ न कळण्याइतकी भामाबाई भोळी नव्हती. तिला फार लागलं.

दिवाळीच्या संध्याकाळी बाकीच्या घरांत दिवे लावून ती त्याच्या दाराशी आली. आधी कुलपाला शिव्या घातल्या. मग तिच्या डोक्यात आलं, कारखान्यानं रामेश्वरच्या बैलगाडीला नंबर दिलाय, तीनशे सतरा. उसाच्या वजनकाट्यावर त्याला त्याच नंबरानं हाक मारतात आणि गावात तो ते कौतुकानं सांगतो. दुसरा नंबर त्याच्या डोक्यात शिरणार कुठून? कुलूप पहिल्याच खेपेला उघडलं. हजारातला जो एक नंबर लपवायचा, तोच हा गडी गाडीच्या फळीवर रंगवून गावभर फिरवत होता! दिवा लावून तिनं कुलूप पुन्हा घातलं.

उन्हाळ्यात रामेश्वर परतला. देव्हाऱ्यात जळकी वात दिसली तशी त्यानं पेटी उचकली, भांडी मोजली, बायकोची लुगडी झटकून पाहिली. सारं जागच्या जागी होतं. भामाबाईला ओट्यावरून सगळं दिसत होतं.

यंदा त्यानं चावीचं कुलूप घेतलं, चांगलं जाड, पितळी. निघायच्या दिवशी चावी घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"चुकलं काकू. धरा ही."

"भांडी मोजून घेतलीस न्हवं? मंग चावी बी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

त्यानं लई विनवलं. तिनं हात काही पुढे केला नाही. शेवटी चावी करदोट्याला बांधून तो कारखान्यावर गेला.

दिवाळीला भामाबाईनं त्याच्या घरचा दिवा लावला, पण बाहेर, बंद दारासमोरच्या पायरीवर.